सलोमीची शाळा आणि शद्रकची तयारी

एका गावात एक भोळा बाप होता. नाव शद्रक. माणूस इतका सरळ की नाकासमोर चालायचा, आणि समोर भिंत आली तर ती बाजूला होण्याची वाट बघत उभा राहायचा. सांगकाम्या म्हणतात तो हाच. मिशनच्या दवाखान्यात तो बागकाम करायचा. बायको मार्था तिथेच नर्स होती. घरातली सगळी अक्कल एकाच्याच वाट्याला आली असेल, तर ती मार्थाच्या.

त्यांना एक मुलगी होती, सलोमी. पोर गोड, पण शाळेचं नाव काढलं की हातपाय गाळायची. बालवाडीचं अख्खं वर्ष तिने फाटकाला मिठी मारून काढलं. शेवटी शाळेच्या मुख्याध्यापिका रणदिवे बाईंनी बजावलं, "यंदा हसत आत आली तर पहिलीत घेईन. रडली तर पुन्हा बालवाडी."

शद्रक ऐकून तसाच निघाला. तो चर्चच्या पाळकसाहेबांकडे गेला.

"शाळा सुरू व्हायच्या आधी लेकराचं मन घट्ट करा," पाळकसाहेब म्हणाले. "टीव्हीवर रोज संध्याकाळी 'लोकरू' लागतं. बायबलच्या गोष्टी असतात. पोरीला दाखवा. आणि नुसतं दाखवून भागत नाही बरं का. बापाने आधी तसं वागावं."

"वागतो," शद्रक म्हणाला. इथेच घात झाला.

लोकरू म्हणजे कापसाचं कोकरू. एका ताईच्या हातात असायचं आणि नाकातून बोलायचं. पहिल्या दिवशी ते म्हणालं, "मुलांनो, घराबाहेर पडताना डोळे मिटून प्रार्थना करा. भीती पळून जाते!"

सलोमीने ऐकलं. शद्रकनेही ऐकलं. सकाळी तो सायकलवरून अंडी आणायला निघाला. दाराबाहेर येताच डोळे मिटले. प्रार्थना जरा लांबली. आमेन झालं ते थेट अंडीवाल्याच्या दुकानात. भीती पळाली की नाही कोण जाणे, कोंबड्या मात्र पळाल्या.

मार्था रात्रपाळी करून आली, तर नवरा बलकाने माखलेला.

"अहो, देवाने डोळे दिलेत ते उघडे ठेवायला!"

"बरं. आता ध्यानात ठेवीन."

आणि त्याने ठेवलं. पंचाईत तीच होती.

रविवारी उपासनेत पाळकसाहेब म्हणाले, "आपण प्रार्थना करू या." सगळ्यांनी डोळे मिटले. शद्रकने टक्क उघडे ठेवले. मग काय, दिसायचं ते दिसलं. आदल्याच संध्याकाळी लोकरूने सांगितलं होतं, "खरं असेल ते न घाबरता बोला!" आमेन होताच शद्रक उभा राहिला.

"पाळकसाहेब, तुमच्या प्रार्थनेत दीनाबाईंनी शेंगदाणे खाल्ले. आणि तुम्ही मधेच घड्याळ बघितलं."

घरी आल्यावर मार्थाने कपाळावर हात मारून घेतला. "अहो, चार माणसांत गप्प बसावं! कुणी विचारलं तरी गप्प!"

"बरं. आता ध्यानात ठेवीन."

त्याच आठवड्यात त्याची दाढ ठणकायला लागली. दवाखान्यात दातांच्या डॉक्टरांनी विचारलं, "कुठली दाढ?" शद्रकने खोलीतली माणसं मोजली. बरोबर चार भरली. तो गप्प बसला. "ही का?" गप्प. "मग ही?" गप्प. बाहेर रांग वाढत होती. डॉक्टरांनी अंदाजाने एक उपटली. ती चांगली होती.

शद्रकच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. पण कालच लोकरूने शिकवलं होतं, एका गालावर कुणी मारलं तर दुसराही पुढे करा. त्याने दुसरा गाल पुढे केला. डॉक्टरांनी तिकडचीही उपटली.

सकाळी मार्थाने दोन्हीकडून सुजलेलं तोंड बघितलं. "दुखत होती ती गेली ना निदान?"

"ती आहे अजून," शद्रक म्हणाला.

मार्था खालीच बसली. "हे बघा, तुम्ही आता काहीही करू नका. शाळा उघडली की पोरीला सायकलवर न्यायचं आणि फाटकाशी सोडायचं. बस्स."

सलोमी मात्र सगळं नीट शिकत होती. मुलांसाठी सांगितलेलं मुलांना बरोबर कळतं. ती आता स्वतःच दप्तर भरायची आणि शाळा कधी उघडणार म्हणून विचारायची. शद्रकचा ऊर भरून यायचा.

शाळा उघडायच्या आदल्या संध्याकाळी लोट नावाच्या माणसाची गोष्ट लागली. "देवदूत म्हणाला, मागे बघू नका," लोकरूने सांगितलं. "लोटाच्या बायकोने बघितलं, आणि ती मिठाचा खांब झाली! तर मुलांनो, शाळेत जाताना मागे बघून रडायचं नाही. पुढे बघायचं, पुढे!"

सलोमी खुदकन हसली. शद्रकला जेवण गेलं नाही.

सकाळी सायकल निघाली. मागे कॅरियरवर सलोमी गाणं म्हणत होती, पण शद्रकने मान वळवली नाही. शाळा आली. सलोमी उतरली आणि हसत, धावत फाटकातून आत गेली. रणदिवे बाई म्हणाल्या, "शाबास! पहिलीत बस." शद्रकला वाटलं, जिंकलो.

तेवढ्यात सलोमी वळली. "बाबा, टाटा!"

"बघू नकोस!" शद्रक किंचाळला. पण बघून झालं होतं.

तो धावत आत गेला. पोर रांगेत ताठ उभी. अगदी खांबासारखी. खात्री करावी म्हणून त्याने तिचा गाल चाटून बघितला. जूनचा उकाडा, कडक नवा गणवेश, त्यात पोर धावत आलेली.

"बाई! पोर खारट लागतेय!"

रणदिवे बाईंनी तऱ्हेतऱ्हेचे पालक पाहिले होते, पण मूल चाखून बघणारा हा पहिलाच. "घाम असेल हो. नळावर नेऊन तोंड धुवा तिचं."

"पाणी?" शद्रक पांढराफटक पडला. "मिठाला पाणी?"

त्याने सलोमीला दप्तरासकट उचललं आणि कॅरियरवर बसवलं.

"बाबा, मला शाळेत जायचंय!"

"हलू नकोस. सांडशील."

तो स्टँड काढेपर्यंत सलोमी मागून खाली उतरली होती. दप्तर कॅरियरवरच टाकून ती वर्गात पळाली आणि पहिल्या बाकावर बसली. बाईंनी नाव पुकारलं तेव्हा "हजर!" असं ओरडली, की शेजारच्या वर्गालाही ऐकू गेलं.

शद्रकने मागे बघितलं नाही. सायकल हलकी लागत होती. मीठ हलकंच असणार, असं म्हणून तो जोरात पायडल मारू लागला. कॅरियरवरच्या दप्तरात पाण्याची बाटली आडवी झाली होती, आणि पाणी गळत होतं.

मार्था नुकतीच घरी आली होती. "अहो, शाळेच्या वेळी घरी कसे? पोर कुठंय?"

"मागे बसलीय."

"मागे कुणी नाही!"

शद्रकने डोळे न वळवता हात मागे नेला. चाचपलं. दप्तर हाताला लागलं, पोर नव्हती. कॅरियर ओलंचिंब होतं.

त्याने हंबरडा फोडला. मग धावत घरात गेला, आणि बरणी आणि चमचा घेऊन बाहेर आला. कॅरियरवरचं पाणी तो थेंब थेंब टिपायला लागला.

"अहो, हे काय चाललंय?" मार्था ओरडली.

"बरणी धर आधी," शद्रक हुंदके देत म्हणाला. "जेवढी उरलीय तेवढी भरून घेतो. दोन दिवस उन्हात ठेवली की होईल पुन्हा पोर."