पाठ न दाखवणारा हत्ती

प्राण्यांना बोलता येत होतं, पण ऐकायची सवय नव्हती, तेव्हाची गोष्ट. बेडकांना बगळ्यांपासून वाचवतो म्हणत एक हत्ती परक्या दलदलीत शिरला. बगळ्यांनी खाल्ले नसतील एवढे बेडूक त्याच्या पायांखाली चिरडले, आणि तोही गुडघ्यापर्यंत रुतला. शेवटी घरून हत्तिणीचा निरोप आला, "पुरे झालं, परत या."

हत्ती म्हाताऱ्या बेडकीला म्हणाला, "जाईन, पण आमच्या कुळात कुणी पाठ दाखवत नाही."

"मग मागं मागं चालत जा, गजराज. तुम्हीच जिंकलात असं आम्ही ओरडू. पण जा!"

जयजयकार सुरू झाला. हत्ती ऐटीत मागं सरकत निघाला आणि शेजारच्या डबक्यात धपकन बसला.

तिथल्या बेडकानं चिखलातून डोकं काढून विचारलं, "या महाराज! आता आम्हाला कुणापासून वाचवणार?"