निंबखेड्याचा अबलख ओटा

निंबखेड्याच्या घोडेबाजारात शिरलात की उजव्या हाताला काळ्या दगडाचा एक ओटा दिसतो. त्यावर देव नाही, शेंदूर नाही, समाधीचा दगडही नाही. बाकीचे घोडे बाजारात कुठेही बांधतात. काळ्या-पांढऱ्या डागांचे, ज्यांना आम्ही अबलख म्हणतो, ते मात्र या ओट्यापाशीच उभे करतात. त्यामागची हकीकत जुनी माणसं सांगत आली ती अशी.

फार पूर्वी एका सरदाराच्या मनात आलं, आपल्याकडे नुसत्या अबलख घोड्यांचं एक पथक हवं. दुरून बघणाऱ्याचे डोळे दिपले पाहिजेत. घोडे आणायला त्याने सुभानराव नावाच्या शिलेदाराला इकडे धाडलं. गावच्या विकणाऱ्यांना आनंद झाला. जो तो आपापलं जनावर खरारा करून बाहेर काढू लागला. एकट्या सगुणाबाईने आपला घोडा दारातून हलवला नाही. तिचा नवरा घरच्याच अबलखावर बसून लढाईला गेला होता, तो परतला नव्हता.

"सरकार, जनावर गुणाचं आहे, पण लपत नाही," ती म्हणाली. "झाडीत, धुळीत, पहिलं हेच नजरेत भरतं. माझा धनी असाच गेला."

"लपायला आम्ही काय चोर आहोत?" सुभानराव म्हणाला, आणि तिचाही घोडा घेऊन गेला. तोच सगळ्यांत देखणा होता, म्हणून त्याने तो आपल्या धाकट्या भावाला, विठोजीला दिला.

पुढे एका खिंडीत शत्रू दगडांआड दबा धरून बसला होता. त्याने नेम धरला तो पांढऱ्या डागांवर. असं सांगतात की त्या पथकातला एकही स्वार उरला नाही. सुभानराव स्वतः आपल्या जुन्या तांबड्या घोडीवर होता. घोडी पडली, तो वाचला.

विठोजीचा घोडा हाताशी धरून तो पायी निंबखेड्याला आला आणि सगुणाबाईच्या दाराशी उभा राहिला. तिने आधी घोड्याला पाणी दाखवलं, मग तांब्या भरून त्याच्यापुढे धरला. तेव्हा म्हणे तो शिलेदार लहान पोरासारखा रडला. तो परत गेलाच नाही. गावातच राहिला, लोकांचे घोडे सांभाळू लागला.

काही वर्षांनी सरदाराची माणसं पुन्हा आली. रायाजी नावाचा त्यांचा म्होरक्या होता. विकले नाहीत तर ओढून आणा, असा हुकूम होता. भ्यालेल्या लोकांनी घोडे आणून उभे केले. सुभानराव त्यांच्यापुढे जमिनीवर जाऊन बसला. हातात काठीसुद्धा नव्हती.

"न्या," तो म्हणाला. "पण कुठल्या घोड्यावर कोण बसणार, ते नाव घेऊन सांगा. मी नावं न घेता नेले होते."

रायाजी हसला. पहिल्या घोड्याकडे बोट करून त्याने एक नाव सांगितलं, दुसऱ्याकडे करून दुसरं. तिसऱ्या घोड्याकडे हात केला आणि तो तसाच राहिला. तो घोडा त्याने आपल्या मुलासाठी निवडला होता, असं म्हणतात. रायाजीने दोनदा तोंड उघडलं. नाव काही बाहेर येईना. शेवटी त्याने आपल्या माणसांना खूण केली आणि रिकाम्या हातांनी तो माघारी वळला. सरदाराने त्याचं पुढे काय केलं, हे कुणालाच ठाऊक नाही. पण लढाईसाठी अबलख न्यायला पुन्हा कोणी आलं नाही. सुभानराव जिथे बसला होता, तिथे गावाने मागाहून हा ओटा बांधला.

आता अबलख जातात ते बहुतेक वरातीसाठी. आजही सौदा ठरला तरी विकणारा लगाम लगेच हातात देत नाही. "बसणार कोण?" असं विचारतो. घेणारा नवरदेवाचं नाव सांगतो, विकणारा ते घोड्याच्या कानात म्हणतो. कितीही मोठ्या आवाजात घासाघीस केलेला बाप असो, मुलाचं नाव घेताना त्याचा आवाज खाली येतो. मी पुष्कळदा पाहिलंय.

मगच लगाम सुटतो.