चुलीतली मूठभर राख

किती दिलं म्हणजे पुरे होतं?

फार जुनी गोष्ट आहे. डोंगराच्या पायथ्याच्या एका गावात एक भाऊ हा प्रश्न भेटेल त्याला विचारत असे, आणि कोणीच त्याला उत्तर दिलं नाही. आईवडील नव्हते. तो थोरल्या बहिणीबरोबर राहायचा. आईने मागे ठेवलं होतं ते एका मिरचीचं बी. ठेंगणी, जाड सालीची, वासाला गोडसर अशी ती मिरची दुसऱ्या कोणाच्या रानात नव्हती. बहीण दर वर्षी तिची साठ रोपं लावायची आणि पिकलेल्या मिरच्यांतून पुढच्या वर्षाचं बी धरायची.

रोपं वाढत असताना ती कुजलेलं शेणखत घालायची. पांढरी फुलं दिसली की खत बंद. मग चुलीतली राख, दर आठ दिवसांनी, झाडाला मूठभर, आणि वर पाणी.

"अक्का, मूठ भरून घालू की कमी?"

"बघून घाल."

"काय बघून?"

"झाड बघून. माझं तोंड काय बघतोस?"

त्या वर्षी रोपं फुलावर आली आणि बहिणीने अंथरूण धरलं. वैद्य नाडी बघून बाहेर आला आणि म्हणाला, "येती पौर्णिमा दिसली तर खूप. हलकं खायला दे, थोडं थोडं."

"थोडं म्हणजे किती?"

"बघून दे," वैद्य म्हणाला आणि पायात चपला सरकवून निघून गेला.

बहिणीने एकच गोष्ट मागितली. "सगळं बी पेरून टाकलंय. मडक्यात एक दाणा नाही. या वर्षी बी धरायला चुकू नकोस. आणि जमलं तर आईची मिरची लाल झालेली मला दाखव."

भावाला थांबणं ठाऊक नव्हतं. तो गावभर फिरला. कोणाकडून तुपातले लाडू आणले, कोणाकडून म्हशीचं दाट दूध, कोणाकडून खीर, आणि सगळं एकदम तिच्यापुढे मांडलं. तिने तोंड फिरवलं. तो स्वतः शेजारणीकडे जेवायचा. घरातली चूल कित्येक दिवस पेटली नाही, म्हणून राखही झाली नाही.

राख नव्हती म्हणून भाऊ ओढ्यापलीकडे गेला. तिथे एका म्हाताऱ्या मेंढपाळाची मेंढरं बसली होती. भावाने त्याच्याकडून बारा पाट्या ताजं लेंडीखत उचललं आणि एका सकाळीत झाडांच्या बुडाशी ओतलं. बांधाकडेचं शेवटचं झाड तेवढं राहिलं, कारण पाट्यांतलं खत संपलं.

दहा दिवसांत झाडं हातभर वाढली. पानं विड्याच्या पानाएवढी झाली.

"फुलं किती धरली?" बहिणीने विचारलं.

"अक्का, पानं बघायला हवीत तू. साऱ्या गावात अशी पानं नाहीत."

"मी फुलं विचारली."

तो रानात गेला. फुलं जमिनीवर पडली होती, सांडलेल्या लाह्यांसारखी. एकोणसाठ झाडांवर एकही उरलं नव्हतं.

मेंढपाळ बांधावरून बघत होता. "बरं झालं तुझ्याकडे मेंढरं नाहीत," तो म्हणाला. "एव्हाना पोट फुटून मेली असती."

"बाबा, खत वाईट होतं का?"

"खताला काय झालंय? फुलावरच्या झाडाला तू एवढं वाढलंस की ते पानंच काढत बसलं. फळाकडे बघायला त्याला सवड राहिली नाही." मग त्याने काठी टेकली. "मला एक सांग. झाडाला भूक लागली म्हणून घातलंस, की तुला भीती वाटली म्हणून?"

मग मेंढपाळाने काठी उचलून बांधाकडेच्या झाडाकडे दाखवलं.

"ते शेवटचं झाड बघ. तीन मिरच्या धरल्यात. त्याला राख घाल, आणि हात आवर."

भाऊ घरी आला. शेजारणीकडे राख मागावी असं त्याच्या मनात आलं, पण तिची राख भांडी घासायलाच पुरत नव्हती. मग त्याने चूल पेटवली. नुसता जाळ कशाला घालवायचा म्हणून वर तांदळाची पेज ठेवली. वाटीच्या तळाशी थोडी घेऊन बहिणीला दिली. ती प्यायली.

"मीठ विसरलास," ती म्हणाली.

"पेज तुझ्यासाठी नव्हतीच. झाडाला राख हवी होती."

बहीण हसली आणि तिने वाटी पुन्हा पुढे केली.

त्या दिवसापासून चूल रोज पेटली. बहिणीला सकाळी थोडी पेज, संध्याकाळी थोडी. झाडाला आठ दिवसांनी मूठभर राख. पौर्णिमा आली आणि गेली. तिच्यानंतरचीही गेली.

एके दिवशी तिन्ही मिरच्या काळपट पडल्या. लाल व्हायच्या आधी मिरची अशी होते. बहिणीचा श्वास तेव्हा जड झाला होता. भाऊ उठला आणि म्हणाला, "तोडून आणतो."

"तोडू नकोस. कच्चं बी उगवत नाही."

मग त्याने तिला पाठुंगळी घेतलं आणि बांधाकडे नेलं. एका मिरचीच्या टोकाला तांबडा ठिपका होता. बहिणीने त्यावर बोट ठेवलं. "हेवढं पुरे," ती म्हणाली.

तिसऱ्या दिवशी ती गेली.

पुढे त्या तीन मिरच्या लालभडक झाल्या. त्यांच्या बियांतून पुन्हा साठ झाडं उभी राहिली, आणि आज ती मिरची त्या सगळ्या टापूत पिकते. पण भावाने बहिणीसाठी शेवटचं काम केलं ते तिला पोचवून आल्यावर, त्याच संध्याकाळी.

त्या गावात ज्या घरात माणूस जातं, त्या घरात चूल पेटवत नाहीत. शेजारीण भाकरी घेऊन आली तेव्हा भाऊ चुलीत काटक्या घालत होता.

"अरे, आज चूल?"

"मावशी, आज राखेचा आठवा दिवस आहे."

त्याने पेज ठेवली. मीठ घातलं. जाळ विझला, राख निवली, तेव्हा एक मूठ घेऊन तो बांधाकडे गेला आणि झाडाच्या बुडाशी पसरून वर पाणी घातलं. घरी आल्यावर त्याने दुसरी मूठ भरली. ती घेऊन तो पुन्हा दारापर्यंत गेला. मग त्याने ती परत चुलीत ठेवली.

दुसऱ्याला द्यायचं ते त्याची भूक बघून द्यावं, आपली भीती बघून नव्हे.