फिल्मला टेकलेलं नाक

आबासाहेबांनी तंबाखूच्या वखारीचं थेटर केलं खरं, पण वखार पडली आखूड. उद्घाटनाच्या दिवशी सकाळी सिनेमाचं मशीन लावून पाहिलं, तर पडदा फार जवळ आल्यामुळं चित्र लहान पडलं आणि अर्धाच पडदा भरला. ऑपरेटर रसूलभाईंनी लांब भिंग उतरवलं आणि पिशवीतून आखूड भिंग काढलं.

"मोठ्या चित्राला एवढंसं भिंग? एवढीही अक्कल नसेल तर दुसरी नोकरी बघा!" आबासाहेब गरजले आणि सवयीप्रमाणे केबिनच्या खिडकीला नाक टेकवून खालच्या खुर्च्या न्याहाळू लागले.

"आबासाहेब, जरा चार पावलं मागं सरकून बघा की," रसूलभाई म्हणाले.

"मागून काय दिसणार? मधल्या चार खुर्च्या! नाक टेकवलं तरच या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दिसतं."

"भिंगाचंही तसंच आहे. लांब भिंग फिल्मपासून दूर राहतं, आखूड भिंग तिला नाक टेकवतं."

आबासाहेब खिडकीपासून मागं झाले, पुन्हा पुढं झाले. मग हळूच म्हणाले, "बसवा."

संध्याकाळी पडदा काठोकाठ भरला. आबासाहेब पाहुण्यांना सांगत होते, "ही युक्ती ऑपरेटरला मीच शिकवली."

"खरंय," रसूलभाई समाधानानं म्हणाले, "आज सकाळीच."