वैजयंताबाईंचा कुडता

“माप बरोबर आहे ना, मास्तर? मग उसवलं कसं?”

प्रणोतीनं खाकी कुडता टेबलावर पसरला. उजव्या काखेत चार बोटं शिवण उसवली होती.

दस्तगीर मास्तर सुईत दोरा ओवत होते. ओवत राहिले.

गडहिंग्लजच्या बाजारात माझं कापडदुकान आहे आणि दुकानाच्या कट्ट्यावर मास्तरांचं मशीन. तीस वर्षं मी कापड फाडतोय आणि ते शिवतायत. तेव्हा सांगतोय ते माझ्या डोळ्यांदेखत घडलेलं, ऐकीव नाही.

प्रणोती ही आमच्या मिरचीच्या अडत्याची, मल्लिकार्जुनअण्णा शिंत्र्यांची मुलगी. तिला फॅशन डिझाइन शिकायला पुण्याला जायचं होतं. फॉर्मची शेवटची तारीख शनिवार. अण्णांनी सही अडवून धरलेली. म्हणाले, “चित्रं काय, शाळेतली सगळीच पोरं काढतात. पोरीच्या हातात काम आहे असं दस्तगीर मास्तरांनी म्हणावं, मी सही करतो.”

मास्तरांनी तिची चित्रांची वही चाळली होती. पानोपानी उंच, सडपातळ बायका, पायघोळ झगे. पोट एकीलाही नाही. वही मिटून मास्तरांनी एवढंच विचारलं होतं, “ह्यांतली आपल्या गावात कोण राहती?”

आणि तिला एक काम दिलं. वैजयंताबाई पाटोळे, आजरा गाडीच्या कंडक्टर. त्यांच्या वर्दीचा कुडता.

पोरीनं जीव ओतून शिवला, हे मी सांगतो. बुधवारी बाईंनी तो घातला आणि आरशासमोरून हलेनात. गुरुवारी सकाळी पहिली फेरी करून आल्या त्या काख झाकूनच. गाडी सोडायला घंटीची दोरी ओढली आणि टरकन आवाज झाला म्हणे. घंटीच्या आधी तोच ऐकून ड्रायव्हरनं गाडी सोडली. अंगात जुना कुडता चढवून बाई दुसऱ्या फेरीला गेल्या.

“इथं उभ्या होत्या तेव्हा झकास बसला होता,” प्रणोती म्हणाली. “शेठ, तुम्हीच सांगा.”

“बसला होता खरा,” मी म्हटलं. “कडगावच्या एका नवरदेवाचा सूट असाच बसला होता. इतका, की पंगतीत त्याला खाली बसता येईना. बायकोला उभ्यानं घास भरवला.”

“तो मी शिवला नव्हता,” मास्तर म्हणाले.

“तुम्ही तापानं निजला होता. म्हणून तर.”

प्रणोतीला हसू आलं नाही. तिचे दोन दिवस उरले होते.

मास्तरांनी सुई खाली ठेवली.

“बाळ, माप घेताना बाई काय करत होत्या?”

“काही नाही. उभ्या होत्या.”

“कशा?”

“सरळ. मीच म्हटलं, हलू नका.” ती जरा थांबली. “पोट आत घेतलं होतं त्यांनी.”

“दिवसभरात तशा किती वेळ असतात?”

मास्तर उठले. तिच्या गळ्यातली टेप काढली, गुंडाळली आणि ड्रॉवरमध्ये टाकली.

“बाईंची साडेअकराची आजरा गाडी लागली असेल. जा.”

“टेपशिवाय जाऊन काय करू?”

“तिकीट काढ.”

पोरगी रागानं लाल झाली. पण वही काखोटीला मारून गेली.

मला राहवेना. “मास्तर, शनिवार तोंडावर आलाय. तिला गाडीतनं कशाला हिंडवताय?”

“शेठ, तुम्ही गिऱ्हाईक बघा.”

बघितलं. अशा वेळी बघावंच लागतं.

तीनला ती परत आली. केस विस्कटलेले, अंगावर सगळी धूळ. रिकामी जागा असूनही दोन्ही वेळा उभ्यानंच आली होती. वही मास्तरांपुढं उघडली. उंच बायका कुठं गेल्या कोण जाणे. पानोपानी एकट्या वैजयंताबाई. मागच्या सीटवरच्या म्हाताऱ्याला तिकीट द्यायला वाकलेल्या. कुणाची तरी भाजीची पाटी दारातनं वर ओढताना. दांड्याला पाठ टेकून घटकाभर डोळे मिटलेल्या. आणि दोरीला हात घातलेल्या तर किती तरी. कडेला बारीक अक्षरात लिहिलं होतं: उजवा हात डोक्याच्या वर, बावन्न वेळा. डावा, दोनदा. डाव्या खांद्यावर तिकिटाच्या मशीनचा पट्टा.

“मास्तर, त्यांची उजवी बाजू वेगळी आणि डावी वेगळी आहे.”

“मग?”

“मग दोन्ही बाजू सारख्या कशा कापायच्या?”

“मला काय विचारतीस? गाडीत मी होतो काय?”

तिनं टेप मागितली नाही. मास्तरांनीही दिली नाही. तो कुडता तिनं पुरता उसवून काढला. उजव्या काखेत चौकोनी तुकडा घातला, बाही मोकळी केली. डाव्या खांद्यावर पट्टा घासतो तिथं आतनं दुहेरी कापड लावलं. शुक्रवारी दुपारी कुडता खुंटीला टांगला, तर दिसायला चक्क वाकडा. खरं सांगतो, असा माल मी गिऱ्हाइकापुढं ठेवला नसता.

मास्तरांनी तो एकदा उलटा करून बघितला आणि बाईंकडं धाडून दिला.

शनिवारी अण्णा फॉर्म घेऊन स्वतःच आले. गादीवर बसले. चहा झाला. पोरगी कट्ट्यावर, नजर रस्त्यावर.

दोन फेऱ्या संपवून वैजयंताबाई आल्या त्या थेट माझ्यासमोर.

“शेठ, लेकीच्या फ्रॉकला अस्तर द्या. अर्धा मीटर.”

मी गुलाबी काढलं.

“हे नव्हे. वरचं. त्याच्याही वरचं, ते पिवळं.” उजवा हात सरळ वर करून त्या फळी दाखवत होत्या. “आणि आटलेलं द्या. मागचं तुमचं धुतल्यावर आखडलं.”

“ते तुम्ही माझ्याकडनं नेलंच नव्हतं,” मी म्हटलं.

“मग कुणाकडनं नेलं?”

“कुणाकडनंही असो. आखडलं म्हणजे माझं नव्हे.”

बाई हसल्या. प्रणोतीला आता दम निघेना.

“काकू... कुडता?”

“कुठला गं?”

“वर्दीचा. मी शिवलेला.”

बाईंनी मान खाली घालून स्वतःकडं बघितलं.

“अगं बाई, हा होय. सकाळपासून अंगातच आहे की.” अस्तर पिशवीत कोंबलं. “चल, येते. गाडी सुटती माझी.”

आणि गेल्या.

अण्णांनी फॉर्मची घडी घातली. “ऐकलंत, मास्तर? बरा म्हणाली नाही, वाईट म्हणाली नाही. आख्ख्या गाडीत कुणी एका शब्दानं विचारलंसुद्धा नसणार. ह्याच्यासाठी पुण्याला पाठवू पोरीला?”

प्रणोती वहीच्या कोपऱ्याची घडी करत होती आणि उलगडत होती.

मास्तर मशीनवरनं उठले. माझ्या खिशातलं पेन काढलं, टोपण उघडलं आणि अण्णांच्या हातात दिलं.

“सही करा, अण्णा. बाईंनी हात पार वर नेला, तरी पोरीचं काम आज कुणालाच दिसलं नाही.”