बरोबर उत्तरावरची काट

मंडळी, आधी मला एक सांगा. विश्वास कोणावर टाकाल? ज्याचे उत्तर दरवेळी बरोबर येते त्याच्यावर, की जो बरोबर आलेले उत्तरही पुन्हा तपासून पाहतो त्याच्यावर? घाई नको. गोष्ट संपेपर्यंत उत्तर मनातच ठेवा.

एके काळी एक वृद्ध गुरुजी एका बाजारपेठेच्या गावात पदार्थविज्ञान शिकवीत असत. विजेच्या सामानाच्या एका व्यापाऱ्याने दुकानावरचा माळा त्यांना वर्गासाठी दिला होता. खाली पंखे आणि वायरी खपत. वर विद्युतप्रभार आणि चुंबकीय क्षेत्र यांची गणिते सुटत. पुढे गुरुजींची दृष्टी मंदावली, फळ्यावरची अक्षरे त्यांना पुसट दिसू लागली. वर्ग कोणाच्या तरी हाती सोपवणे आले.

त्यांचा एक शिष्य होता. गेले सहा महिने धाकट्या मुलांना तोच शिकवीत असे. मोठा तल्लख. पाठांतराचा त्याला तिटकारा. क्षेत्राची असो की बळाची, कोणतीही दिशा तिथल्या तिथे बोटे फिरवून काढायची, हा त्याचा बाणा. वर्ग आपल्याला मिळावा म्हणून त्याने शहरातली नोकरी नाकारली होती, आणि घरी आईला तर ‘मिळालाच’ म्हणून सांगूनही टाकले होते.

“एक गणित घालतो,” गुरुजी म्हणाले. “ते सोडव आणि वर्ग घे.”

व्यापारी पेढ्यांचा पुडा घेऊनच वर आला आणि बाकावर ऐसपैस बसला.

गणित सोपे होते. एक उभी तार आहे. तिच्यातून विद्युतप्रवाह वर जातो आहे. तिच्या शेजारून एक इलेक्ट्रॉनही वरच्याच दिशेने निघाला आहे. त्याच्यावरचे बळ त्याला तारेकडे ओढील की तारेपासून दूर लोटील?

शिष्याने झरझर आकृती काढली. उजव्या हातात पेन तसाच ठेवून त्याने डाव्या हाताचा अंगठा वर केला, बोटे वळवली आणि तारेभोवतीच्या क्षेत्राची दिशा टिपली. मग त्याच हाताची तीन बोटे काटकोनात धरून बळाची दिशा काढली.

“दूर लोटील,” तो म्हणाला.

गणित पाठ्यपुस्तकातलेच होते; व्यापाऱ्याने त्याचे उत्तरांचे शेवटचे पान उघडले. “इथं पण हेच छापलंय! वा! मास्तर, आ करा,” असे म्हणून त्याने शिष्याच्या तोंडात पेढा घातला.

गुरुजींनी कागद डोळ्यांजवळ नेला, लाल पेन उचलला आणि उत्तरावर आडवी काट मारली.

पेढा तोंडात तसाच ठेवून शिष्य कागदावर वाकला.

“गुरुजी, चष्मा पुसा जरा,” व्यापारी म्हणाला. “उत्तर पुस्तकाशी जुळतंय.”

“जुळतंय की. मी कुठं नाही म्हटलं?”

“मग? माल ठरल्या जागी पोचला. ट्रक कोणत्या रस्त्यानं आला, त्याची चौकशी कशाला?”

“उद्या त्याच ड्रायव्हरबरोबर दुसऱ्या गावी माल धाडायचा असला, तर कराल ना चौकशी?”

शिष्याचे कान तापले. “गुरुजी, वर्ग द्यायचा नसेल तर सरळ सांगा. बरोबर गणितावर काट मारायला नको होती.”

गुरुजी रागावले नाहीत. त्यांनी खालून एक स्कूटरची बॅटरी मागवली आणि व्यापाऱ्याच्या डब्यातल्या पोळ्यांचा चंदेरी कागद मागून घेतला.

“आता पोळ्या वातड होणार माझ्या,” व्यापारी कुरकुरला.

त्या कागदाच्या दोन लांब, अरुंद पट्ट्या कापून गुरुजींनी त्या जवळजवळ, सैलसर टांगल्या. “दोन्हींतून प्रवाह एकाच दिशेनं जाणार आहे. सांग, काय होईल?”

पुन्हा पेन उजव्या हातात, पुन्हा डावा अंगठा वर. “एकमेकींपासून लांब जातील.”

“खात्री आहे?”

“पैज लावा.”

गुरुजींनी क्षणभर बॅटरीची तार पट्ट्यांना टेकवली. पट्ट्या चटकन झेपावल्या आणि एकमेकींना चिकटल्या.

शिष्य पाहतच राहिला. “बॅटरी उलटी लागली असेल,” तो पुटपुटला. त्याने टोके स्वतः बदलली आणि तार टेकवली. पट्ट्या पुन्हा जवळच आल्या. त्याच्या अंगावर सर्रकन काटा आला. ज्या बोटांवर त्याची सारी भिस्त होती, ती बोटे त्याच्या डोळ्यांदेखत खोटी पडली होती.

“क्षेत्राची दिशा काढायचा अंगठ्याचा नियम कोणत्या हाताचा?” गुरुजींनी विचारले.

“उजव्या.”

“आणि तू धरलास कोणता?”

शिष्याने हातांकडे पाहिले. उजव्यात पेन होता. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला.

“बळाच्या नियमाला डावा हात लागतो, ते तुझं बरोबर,” गुरुजी म्हणाले. “पण क्षेत्रालाही तू डावाच वापरलास. पेन खाली ठेवायचा कंटाळा!”

“पण मग पहिलं उत्तर बरोबर कसं आलं?”

“इलेक्ट्रॉनचा प्रभार ऋण असतो. म्हणून शेवटी दिशा उलट करायची. केलीस?”

शिष्याने पेन खाली ठेवला. मग हलक्या आवाजात म्हणाला, “आधी करायचो, गुरुजी. पण उत्तर मागच्या पानाशी जुळेना. ती पायरी गाळली आणि जुळायला लागलं. पुस्तकातली बहुतेक गणितं इलेक्ट्रॉनचीच आहेत. जी जुळली नाहीत, ती छपाईची चूक असं धरून आम्ही पुढं गेलो.”

“आम्ही?”

“मी... आणि मुलं.”

तेव्हा गुरुजी शांतपणे म्हणाले, “तुझ्या गणितात एक चूक लपून बसली होती. खरी पायरी आली तेव्हा उत्तर बिघडलं, आणि तू त्या खऱ्या पायरीलाच घराबाहेर काढलंस. लपलेलं खोटं असंच वागतं. ते आपली जागा सोडत नाही; शेजारी बसलेल्या खऱ्याला उठवतं. एकटी चूक लगेच सापडली असती. हिला तू जोडीदार मिळवून दिलास, म्हणून ही सहा महिने बरोबर उत्तराच्या वेषात हिंडली.”

व्यापारी विचारात पडला. “म्हणजे काटा एका बाजूला झुकलेला, आणि वजन तेवढंच खोटं, तरी माल पुरा भरतो!”

“भरतो. ज्या दिवशी फक्त काटा दुरुस्त कराल, त्या दिवशी गिऱ्हाईक तक्रार घेऊन दारात येतं.”

शिष्याला ते ऐकूच आले नाही. त्याच्या डोळ्यांसमोर सबंध वर्ग उभा होता. प्रत्येकाच्या उजव्या हातात पेन, प्रत्येकाचा डावा अंगठा वर. आणि परीक्षा पुढच्याच महिन्यात.

“गुरुजी,” तो म्हणाला, “वर्ग मला देऊ नका.”

“मग मुलांना कोण सांगणार? मी? माझं ते ऐकून घेतील आणि विसरतील. ज्यानं त्यांना तिकडं नेलं, त्यानंच परत आणायला हवं. काट मारली ती तुला घालवण्यासाठी नाही. उद्या तूच उभा राहा.”

दुसऱ्या दिवशी शिष्य वर्गापुढे उभा राहिला. “सहा महिने मी तुम्हांला चुकीच्या हातानं शिकवलं,” तो म्हणाला.

पहिल्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. “काहीतरीच काय, सर! आमची उत्तरं बरोबर येत होती!”

“येत होती,” तो म्हणाला. “ती कशी येत होती, ते आज शोधू. पहिल्या गणितापासून.”

मागच्या बाकावर गुरुजींनी समाधानाने डोळे मिटले.

मंडळी, शेवटची बेरीज जुळली तरी मधली प्रत्येक ओळ एकदा निरखून पाहा, आणि आपला हिशेब खरा ठेवा, एवढीच हात जोडून विनंती.