मंदाकिनीला आखूड पडलेली शर्यत

एकदा एक शिष्य आपल्या गुरूकडे घोडा निवडून घ्यायला आला. घोडा फोनमध्ये होता.

गुरू म्हणजे एका अश्वशाळेतला म्हातारा मोतद्दार. घोड्यांना खरारा करण्यात आणि चारापाणी घालण्यात त्याचे आयुष्य गेले होते. शिष्य चाळिशीचा, बँकेत अधिकारी. रविवारी सकाळी तो म्हाताऱ्याकडे घोडेस्वारी शिके आणि उरलेला आठवडा फोनवरच्या खेळात शर्यतीचे घोडे घेऊन त्यांची पैदास करी.

त्या दिवशी त्याच्यावर मोठे संकट होते. दुपारच्या आत एका शर्यतीत पहिल्या चारांत घोडा आला नाही, तर खेळातला त्याचा तबेला खालच्या वर्गात ढकलला जाणार होता. वरच्या वर्गात त्याचा मेहुणा होता आणि तो नेमका आज जेवायला येणार होता. खालच्या वर्गात गाढवेही पळवतात म्हणे, खरे असेल तर कळवा, असा त्याचा निरोप सकाळीच आला होता.

शिष्याने आपल्या परीने सगळे शास्त्रशुद्ध केले होते. सर्वांत वेगवान घोडा, सर्वांत वेगवान घोडी, त्यांचे शिंगरू. ते मोठे झाले की त्याला पुन्हा वेगवानच जोडीदार. विद्युल्लता, वज्रवेग, झंझावात. पण सगळी हरत होती.

म्हाताऱ्याने फोन हातात घेऊन विद्युल्लतेकडे बराच वेळ पाहिले. मग दात दाखव म्हणाला.

"दात दिसत नाहीत आबा, खेळ आहे."

"मग वय कसं कळलं?"

"खाली लिहिलंय."

"विकणाऱ्यानंच लिहिलं असेल," म्हातारा म्हणाला.

मग सगळ्यांत हरणारे जनावर कोणते, असे त्याने विचारले. शिष्याने ओशाळून मंदाकिनी दाखवली. ही त्याची पहिली घोडी. नव्या घोड्याला जागा हवी म्हणून तो तिला आजच काढून टाकणार होता. म्हाताऱ्याने तिच्या जुन्या शर्यती पाहायला मागितल्या. शिष्याने त्या स्वतः कधी पाहिल्या नव्हत्या. शर्यत सुरू झाली की तो थेट निकालाचे बटण दाबत असे.

म्हाताऱ्याने एकामागून एक सहा शर्यती पाहिल्या. सहाही वेळा मंदाकिनी शेवटची आली आणि सहाही वेळा म्हातारा "शाब्बास" म्हणाला. शिष्याला वाटले, म्हाताऱ्याला चष्म्याची गरज आहे.

"आबा, ती शेवटची आली."

"दिसलं की. आता हिला सगळ्यांत लांबच्या शर्यतीत घाल."

शिष्य हादरला. जी हजार मीटरमध्ये मागे पडते, तिला बत्तीसशे मीटर पळवायचे?

म्हाताऱ्याने फोन त्याच्या हातात दिला आणि सावकाश म्हणाला, "ती मंद नाही रे. तिला अंग मोकळं करायला वेळ लागतो. रेघ आली तेव्हा बाकीची धापा टाकत होती आणि हिचा वेग वाढत होता. शर्यत आखूड पडली तुझी, नाव खराब झालं तिचं. तू आई बघितलीस, बाप बघितला. पोर पळताना कसं दिसतं, तेवढं बघायचं राहिलं."

शिष्याने बत्तीसशे मीटरच्या शर्यतीत मंदाकिनीचे नाव घातले आणि निकालाच्या बटणापासून अंगठा दूर ठेवला.

पहिल्या वळणावर ती शेवटची होती. दुसऱ्यावरही. शिष्य बाकावर पुढे सरकला, फोन दोन्ही हातांत लगामासारखा धरून वाकला. "टाचा खाली," म्हातारा सवयीने म्हणाला आणि शिष्याने मुकाट्याने टाचा खाली घेतल्या. तिसऱ्या वळणानंतर पुढचे घोडे एकेक करून मागे पडू लागले. मंदाकिनी आपल्या चालीनेच चालली होती, फक्त ती चाल आता तिथे कुणाकडेच उरली नव्हती. नाकभर अंतराने ती चौथी आली.

तबेला वाचला. शिष्याच्या डोळ्यांत पाणी आले, ते त्याने धुळीवर ढकलले. मग लगेच विचारले, हिच्यासाठी घोडा कोणता पाहू?

"आधी तिला दम खाऊ दे. अंग तापलं असेल."

ही घोडी फोनमधली आहे, हे शिष्य हसून सांगणार होता. तेवढ्यात त्याची बोटे फोनच्या पाठीवरून फिरली. फोन खरोखरच तापला होता. त्याने तो अलगद सावलीत ठेवला, आणि तो निवेपर्यंत दोघेही त्याच्याशेजारी बसून राहिले.